बाळ सुखरूप आहे ना, मग भरपाई कसली मागताय?

हा प्रश्न माझ्या जावेला समोरच्या गाडीच्या विमावाल्यांनी विचारला, तोही अगदी गोड आवाजात. सातव्या महिन्यात होती, गाडी सिग्नलला उभी आणि मागून एकाने ठोकलं. सीटबेल्टचा वळ सोडला तर अंगावर काही नाही, हॉस्पिटलने पोटाला मॉनिटर लावून ठेवलं, ठोके व्यवस्थित आहेत म्हणाले आणि घरी पाठवलं. पुढे मुलगी झाली, वजन चांगलं, रडली पण खणखणीत. म्हणजे कागदावर बघाल तर काही झालंच नाही.

पण मधले ते महिने कुठल्या कागदावर येतात?

पोटाला धक्का बसला की डॉक्टर आईला निदान चार तास मॉनिटरखाली ठेवतात, कारण किरकोळ वाटणाऱ्या धक्क्यात सुद्धा वार (प्लासेंटा) आतून सुटू शकते आणि ते बाहेरून लगेच कळतंच असं नाही. ही माहिती तिला त्याच दिवशी मिळाली, आणि त्यानंतर बाळ जरा वेळ हललं नाही की ती रात्री दोनला उठून डाव्या कुशीवर पडून लाथा मोजत बसायची. गाडीत बसायचं म्हटलं की घाम. त्यात या अवस्थेत झोपेची किंवा भीतीची गोळी घेताना बाकी लोक करतात तसं सहज नाही करता येत, दहा वेळा विचार करावा लागतो, म्हणजे त्रास आहे आणि उपायावर पण मर्यादा. आणि घरचे सगळे काय म्हणणार, टेन्शन घेऊ नको, बाळावर परिणाम होतो. झालं, आता टेन्शन आल्याचं पण टेन्शन.

तर मी जरा चिडूनच हा कायदा वाचायला बसले आणि चक्रावले. मनाला बसलेल्या धक्क्याची भरपाई द्यायची की नाही, हा सगळा वाद कोर्टात ज्या खटल्यांनी गाजवला त्यातले कितीतरी गरोदर बायकांचेच आहेत! ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधे फाटकवाल्याने चुकून रेल्वे फाटक उघडलं, घोडागाडी रुळावर आणि ट्रेन येताना दिसली, धडक थोडक्यात चुकली पण बाई बेशुद्ध पडली आणि पुढे गर्भ पडला. 1888 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतींच्या शेवटच्या अपील कोर्टाने, भरपाई नाकारली. एक कारण असं की अशाला हो म्हटलं तर काल्पनिक दाव्यांची रांग लागेल. 1896 साली न्यूयॉर्क राज्यात तेच, घोड्यांची ट्राम इतकी अंगावर आली की थांबली तेव्हा बाई दोन घोड्यांच्या तोंडांच्या मधे उभी होती, गर्भपात झाला, पण घोड्यांनी शिवलं नाही ना, मग पैसे नाहीत.

मग 1901 चा इंग्लंडमधला डुल्यू विरुद्ध व्हाइट. नवऱ्याच्या दारूच्या गुत्त्यात काउंटरमागे उभ्या गरोदर बाईसमोर घोड्यांची व्हॅन सरळ आत घुसली, तिला लागलं नाही पण मूल वेळेआधी झालं, आणि इथे कोर्ट म्हणालं की दावा चालू शकतो, फक्त भीती स्वतःच्या जिवाची हवी. याच निकालात दुसरी एक गोष्ट आहे जी मला जास्त कामाची वाटते. समोरच्याची कवटी मुळात पातळ असली तर ‘जाड असती तर एवढं लागलं नसतं’ असं म्हणून सुटता येत नाही. जावेचा आधी एकदा गर्भपात झालेला, आणि विमावाल्यांचा दुसरा मुद्दा हाच होता की त्या आधीपासूनच घाबरट आहेत. अहो, त्याचंच उत्तर 1901 मधे दिलंय!

सगळं सरळ पुढे गेलं असंही नाही. एडिनबरोच्या एका आठ महिन्यांच्या गरोदर मासेवालीने ट्रामपलीकडे मोटरसायकल आदळल्याचा आवाज ऐकला, मग रस्त्यावरचं रक्त पाहिलं, मूल मृत जन्मलं, आणि 1942 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, दावा फेटाळला, कारण ती धोक्याच्या टप्प्यात नव्हतीच. न्यूयॉर्कमधे तर डॉक्टरच्या चुकीने मूल पोटातच दगावलं तरी मनस्तापाची भरपाई मागायला आईला स्वतःची वेगळी शारीरिक इजा दाखवावी लागायची, ते 2004 साली बदललं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 1995 मधेच अपघाताच्या भरपाईत मानसिक धक्का आणि वेदना हा वेगळा भाग मानलाय, त्यामुळे ‘मनाचं काय धरायचं’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

आता खरी अडचण पुराव्याची. ‘मी फार घाबरले होते’ एवढ्यावर भागत नाही, बऱ्याच ठिकाणी डॉक्टरने नाव दिलेला आजार लागतो, म्हणजे डिप्रेशन किंवा पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे लागणारा मानसिक आजार) वगैरे. आणि गंमत बघा, तपासणीला गेल्यावर बाई सगळं बाळाबद्दलच बोलते, स्वतःबद्दल अक्षर नाही, म्हणून केसपेपरवर फक्त ठोके आणि वजन. जावेच्या फाइलमधे झोप नाही, गाडीत बसवत नाही असं जिथे जिथे लिहिलंय ते तिने मुद्दाम डॉक्टरला सांगून लिहून घेतलंय, आणि तिच्या वकिलीणबाई सगळ्यात आधी तीच पानं शोधत होत्या. कौन्सेलरकडे गेलात तर तारखा राहतात. मोबाईलवर रात्री तीनला नवऱ्याला केलेले मेसेज पण पुसू नका. नवऱ्याचं मात्र अवघड आहे, इंग्लंडच्या कायद्यात आई स्वतःच पीडित धरली जाते कारण जन्माआधी बाळ तिच्यापासून वेगळी व्यक्ती नाही, पण बाप बाहेरून बघणारा, त्याच्या दाव्याला अटी कितीतरी जास्त. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

आणि बाळंतपणाआधी ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे एवढे पैसे घेतले आता पुढे काही मागणार नाही अशा कागदावर, सही करू नका, प्लीज. घाई नेमकी तेव्हाच केली जाते, कारण पोटातल्या बाळाचं काय होणार हे तोवर कुणालाच माहीत नसतं आणि जिवंत जन्मलेल्या मुलाचा स्वतःचा दावा बऱ्याच देशांत वेगळा असतो. उलट बाजूला मुदत पण असते, ती ठिकाणाप्रमाणे वेगळी, म्हणून तारीख वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. जावेने सही केली नाही. आता विमावाल्यांना त्यांच्या डॉक्टरकडून तिची मानसिक तपासणी करायची आहे, आणि ती म्हणते येते की, पण गाडीने नाही, चालत येईन.