लाईन आली, नेट गेलं

रामदासपेठेतल्या एका सीए ऑफिसातून जुलैच्या शेवटी फोन आला. "भाऊ, लाईन जाते तेव्हा काही नाही, लाईन आली की नेट जाते." लाईन म्हणजे वीज. रिटर्नची 31 तारीख तोंडावर, आणि बारापैकी चार-पाच मशीनींचं नेट बंद, दर वेळी वेगळ्याच. इंटरनेटवाले फायबरचा डबा, म्हणजे मुख्य राउटर, बदलून गेले होते, फरक शून्य.

नेट बंद असलेल्या मशीनवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' मारलं, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड. पत्ता 169.254 ने सुरू झाला असता, तर डीएचसीपीचं (मशीनींना आपोआप पत्ते वाटणारी सोय) उत्तरच आलं नाही असं धरून केबल नि स्विच (सगळ्या केबली जिथे येतात तो डबा) तपासले असते. इथे 192.168.0.104 असा व्यवस्थित पत्ता होता. शेजारच्या नेट चालू असलेल्या मशीनवर मात्र 192.168.1.107, तिसरा आकडा वेगळा, म्हणजे नेटवर्कच वेगळं. म्हणजे पत्ते वाटणारे दोन! तिथेच 'डीएचसीपी सर्व्हर' अशी ओळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही: एकीकडे 192.168.1.1, दुसरीकडे 192.168.0.1. प्रिंटर 192.168.1.50 वर पक्का बसवलेला, म्हणून याच मशीनींच्या प्रिंटाही अडकत होत्या.

'पिंग -टी 192.168.0.1' (त्या पत्त्याला सतत हाक मारणारी कमांड) चालू ठेवून स्विचमधल्या केबली एकेक काढल्या. सरांच्या केबिनची काढली आणि उत्तरं थांबली. कपाटामागे जुना राउटर निघाला. वायफायची रेंज येत नाही म्हणून कुणीतरी लावलेला. केबल लॅन पोर्टात (आतल्या मशीनींसाठीचा), वॅन (बाहेरून इंटरनेट येतं तो) रिकामा, डीएचसीपी चालू.

आता लाईनचा संबंध. कॉम्प्युटर यूपीएसवर होते, स्विच आणि राउटर नव्हते. लाईन आली की स्विच जागा होतो आणि मशीनी आपला आधीचा पत्ता पुन्हा मागतात. फायबरचा डबा उठायला दोनेक मिनिटं घेतो, जुना राउटर त्याआधीच तयार. 192.168.1 चा पत्ता त्याच्या हद्दीतला नाही, म्हणून तो नकार पाठवतो. मशीन नव्याने विचारते तेव्हा स्वतःकडचा पत्ता देतो. गेटवेही, म्हणजे बाहेर जायचं दारही, स्वतःच, आणि वॅन कोरडा. उशिरा चालू केलेल्या मशीनीला जो आधी बोलेल त्याचा पत्ता. पुढे लीजची (पत्ता ठराविक काळासाठीच मिळतो, ती) अर्धी मुदत सरली की मशीन त्याच सर्व्हरकडे मुदत वाढवून मागते, त्यामुळे वाट पाहून हे सुटत नाही.

जुना राउटर ऑफिसच्या केबलीपासून तोडून लॅपटॉपला जोडला. आधी त्याचा लॅन पत्ता 192.168.1.2 केला, रीबूट झाल्यावर त्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद. मुख्य डब्याची वाटपाची रेंज 100 ते 199 होती, त्यामुळे 2 आणि प्रिंटरचा 50 दोन्ही बाहेर. केबल पुन्हा लॅन पोर्टातच लावली. अडलेल्या मशीनींवर आयपीकॉन्फिगचं '/रिलीज' (पत्ता सोड), मग '/रिन्यू' (नव्याने माग). नंतर विजेचा मेन स्विच पाडून परत चढवला. फायबर उठेपर्यंत थोडा वेळ 169.254 दिसलं, मग सगळ्यांना 192.168.1 चे पत्ते मिळाले.

जुन्या राउटरच्या रीसेटच्या भोकावर टेप मारली. कुणी पिन खुपसली की तो पुन्हा पत्ते वाटायला लागेल.