कोणत्या ट्रेनरकडे पाठवलं होतं?

हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि हल्ली लग्नकार्यातसुद्धा विचारतात. आमचा बंड्या जर्मन शेफर्ड आहे, वजन 35 किलोच्या आसपास. घरात शाळकरी मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. तरी तो कुणाच्या अंगावर उडी मारत नाही आणि बेल वाजली की आपल्या सतरंजीवर जाऊन बसतो. त्यामुळे लोकांना वाटतं, महिनाभर कुठेतरी ठेवून तयार करून आणला असणार.

कुठेही पाठवला नव्हता. पिल्लू बाहेर ठेवलं तर ते तिथल्या माणसाचं ऐकायला शिकतं. परत येतं मात्र तुमच्याच घरात, जिथे कुणीतरी जेवताना टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकवत असतं. आमच्याकडे एक गृहस्थ आठवड्यातून एकदा यायचे, पण ते शिकवायचे आम्हाला. बंड्याला ते फारसा हातही लावत नसत.

बसणं, पंजा देणं वगैरे करमणूक आहे. पनीरच्या तुकड्यासाठी कुठलंही पिल्लू ते चटकन शिकतं. खरं काम वेगळं, आणि त्याला मुदत असते. साधारण 3 आठवड्यांपासून 12-14 आठवड्यांपर्यंत पिल्लू जे जे निर्धास्तपणे पाहतं, ऐकतं, त्याची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही. पंचाईत अशी की लसींचे डोसही नेमके याच काळात चालू असतात, ते संपेपर्यंत 16 आठवडे होतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून बरेच जण तोवर पिल्लाला दाराबाहेर काढतच नाहीत. मग चार महिन्यांचं, हेल्मेट दिसलं की भुंकणारं धूड घेऊन पहिल्यांदा रस्त्यावर उतरतात.

यावर उपाय आहे: जग दाखवायचं, पण जमिनीवर पाय टेकू द्यायचे नाहीत. बंड्याला आम्ही कडेवर घेऊन हिंडवलं. हात भरून यायचे, पण पर्याय नव्हता. पुण्याच्या पिल्लाला काय काय सवयीचं व्हायला हवं, याचा जरा विचार करून बघा. सनकोट घालून, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेल्या बायका. रेनकोटवाले. पीएमपीच्या बसच्या ब्रेकचा चीत्कार. काठी टेकत जाणारे आजोबा, शाळा सुटताना उसळणारी पोरं. आम्ही शाळेच्या फाटकाच्या पलीकडच्या बाजूला नुसते उभे राहायचो. कुणाला हात लावू द्यायचा नाही, त्याने फक्त बघायचं आणि उकडलेल्या चिकनचा कण खायचा. ‘किती गोड!’ म्हणत धावत येणाऱ्यांना थोपवणं हे सगळ्यात अवघड. पुण्यात नाही म्हणायला कुणी लाजत नाही, ते इथे कामी आलं.

आणि ढोल-ताशा. गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीपात्रात संध्याकाळी पथकांचा सराव सुरू होतो. कुत्रेवाले या आवाजाला वैतागतात. मला तो फुकटचा शिकवणी वर्ग वाटला, कारण आवाज ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी होतो, आणि किती जवळ जायचं ते आपल्या हातात असतं. आम्ही रिक्षाने जायचो आणि ताशा जेमतेम ऐकू येईल अशा गल्लीत थांबायचो. खाऊ घेतोय तोवर ठीक. तोंड फिरवलं, कान मागे टाकले, की आपण फार जवळ आलो असं समजून मागे सरकायचं. हे पिल्लाला सांगता येत नाही, त्याच्याकडून विचारून घ्यावं लागतं. ‘होईल सवय’ म्हणून थेट मिरवणुकीत नेणाऱ्यांची कुत्री पुढे मिक्सरलाही घाबरतात. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बवर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, त्यांचा नेम नसतो. तेव्हा खिडक्या बंद, टीव्ही मोठा, आणि आपण शेजारी.

घरातली शिस्त खरी लावली ती सासूबाईंनी. त्यांना कशाचीच घाई नसते. आरती झाली की त्या खुर्चीत बसून हातात खोबऱ्याचा तुकडा धरत. बंड्या उड्या मारायचा, त्या ढिम्म. तो बसला की तुकडा मिळायचा. आम्ही मात्र ‘नो नो’ करत त्याला ढकलायचो, आणि त्याला तो खेळ वाटायचा. सात-आठ किलोच्या पिल्लाची उडी गोड वाटते, पण पुढे तीच उडी सासूबाईंना जमिनीवर पाडू शकली असती. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि कांद्याची भाजी मात्र त्याच्यासाठी पूर्ण बंद, कुत्र्यांना हे दोन्ही विषारी.

मुलीला तीनच नियम होते: जेवताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, तो चावरेपणा करू लागला तर हात आवरून स्तब्ध उभं राहायचं, आणि धावायचं नाही. तरी दोघांना एकटं सोडत नव्हतो.

मोठ्या जातीच्या पिल्लांबद्दल एक गोष्ट सांगावीच लागते, कारण पुण्यात ज्याला त्याला कॅल्शियमचं टॉनिक सुचवायची हौस आहे. या पिल्लांना जादा कॅल्शियम अपाय करतं, हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य देत असाल तर वरून काही नको. गुळगुळीत फरशीवर आम्ही जुन्या सतरंज्या अंथरल्या आणि बरेच महिने त्याला जिन्यावरून पळू दिलं नाही. सांधे पक्के व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

आठव्या महिन्याच्या सुमारास बंड्या सगळं विसरला. ‘ये’ म्हटलं की थांबून आमच्याकडे बघायचा आणि उलट दिशेला चालू लागायचा. हे बहुतेकांकडे होतं. बरेच जण याच वेळी कुत्रं द्यायला निघतात. आम्ही लांब दोरी लावली, चिकन पुन्हा खिशात आलं, आणि पिल्लूपणीचे धडे पहिल्यापासून सुरू केले.