सहाचा बोल्ट

काकांची अट एकच होती. त्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बॉनेटला काही चिकटवायचं नाही. रंग लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि तिच्या रिग शॉटचा माझा सगळा बेत बॉनेटवर चिकटवायच्या रबरी कपांवर उभा होता.

आधी रिग शॉट म्हणजे काय ते सांगतो. धावत्या गाडीच्या फोटोत गाडी लख्ख आणि रस्ता, झाडं मात्र फरफटलेली दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा ती गाडी धावत नसते. इंजिन बंद करून चार पोरं तिला ढकलत असतात, माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश. कॅमेरा एका लांब पाइपाच्या टोकाला, आणि पाइप गाडीलाच बांधलेला. त्यामुळे कॅमेरा आणि गाडी बरोबर सरकतात, एकमेकांच्या हिशेबी स्थिर राहतात, आणि हलतं ते बाकीचं जग. शटर चार सेकंद उघडं ठेवलं आणि गाडी ताशी तीन किलोमीटरने सरकली, तर तेवढ्यात ती सव्वातीन मीटर पुढे जाते. पद्मिनीच्या १४ इंची चाकाचा घेर दोन मीटरला थोडा कमी, म्हणजे चाक पावणेदोन वेळा फिरतं. ऐंशीच्या वेगाचा भास व्हायला तेवढं पुष्कळ झालं. पाइप नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकायचा.

असा रिग, म्हणजे पाइप आणि तो गाडीला धरणारा सांगाडा, परदेशातून तयार मिळतो, पण त्या पैशात एक बरा कॅमेरा येतो. माझा धंदा मुख्यतः लग्नांचा, गाड्यांचं काम वर्षातून चार-पाच वेळा. म्हणून काचवाले काच उचलायला वापरतात ते सक्शन कप आणले आणि पहिली चाचणी स्वतःच्या गाडीवर घेतली. कप निघाले नाहीत. पण पाइपाच्या टोकाला नुसतं बोट लावलं तरी बॉनेटचा पत्रा तेलाच्या डब्यासारखा ‘टॉक’ करून आत-बाहेर व्हायचा. हल्लीचे पत्रे पातळ. काचेवर हेच कप बरे बसतात, पण विंडशील्डवर दहा फुटी दांडी लावायची माझी छाती झाली नाही.

तर बॉनेट गेलं. मी गॅरेजमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारत होतो. काका निवृत्त टर्नर, आयुष्य पिंपरीत लेथवर गेलेलं. ते स्टुलावर बसून चहा घेत होते. म्हणाले, “टपाला कॅरिअर लावा की. टॅक्सीवाले काय करत होते?”

खरंच की! जुन्या गाड्यांच्या टपाला दोन्ही बाजूंनी पन्हळ असते, पावसाचं पाणी दारात गळू नये म्हणून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिन्यांचं सामानाचं कॅरिअर त्याच पन्हळीला आकड्यांनी आवळलेलं असायचं, आणि त्यावर ट्रंका, वळकट्या, कधीकधी अख्खं कपाट. हल्लीच्या गाड्यांना अशी उघडी पन्हळच नसते, त्यामुळे ही युक्ती माझ्या डोक्यात येणं कठीण होतं. त्या टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. त्यातल्याच कुठल्या तरी टॅक्सीचं असावं असं एक कॅरिअर रविवारी जुन्या बाजारात मिळालं. जाळी कापून टाकली, आडव्या दोन पट्ट्या आणि चार आकडे ठेवले. आकड्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, ते काकांनी स्वतः तपासले.

पाइपासाठी पुण्यातली हार्डवेअरची बोहरी आळी पालथी घातली. परांचीवाल्यांचे, म्हणजे स्कॅफोल्डिंगचे, क्लॅम्प ४८ मिलिमीटरच्या पाइपाला बसतात, म्हणून अॅल्युमिनियमचा पाइपही तेवढ्याच व्यासाचा घेतला. तीन मिलिमीटर जाडीचा, बारा फुटी, वजनावर विकतात. चार किलोच्या थोडा वर भरला. लोखंडाचा स्वस्त पडला असता, पण त्याच मापात तो जवळजवळ तिप्पट जड. क्लॅम्प, वायर, ती ताणायचे टर्नबकल धरून सगळं मिळून नऊ हजारांच्या आत बसलं.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. पाइपाची बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की टोकाचा झोल दुप्पट होत नाही, आठपट होतो. मी आधी दोन पाइप जोडून सोळा फुटांची हाव धरली होती. अंगणात बांधून पाहिलं तर टोक गणपतीच्या मिरवणुकीतल्या झेंड्यासारखं डुलत होतं. शेवटी बारा फुटांवर आलो. त्यातले अडीच फूट टपावर आणि साडेनऊ पुढे अधांतरी. पाइपाचं मागचं टोक मागच्या बंपरला खाली ओढून बांधलं. पुढच्या पट्टीवर फूटभर खुंट उभा केला आणि त्यावरून टोकापर्यंत तारेचा तणावा, शिवाय डाव्या-उजव्या बाजूंना एकेक. तंबूला असतात तसेच. तणावे लागले आणि डुलणं थांबलं, निदान उभ्या गाडीत.

शूट गुरुवारी ठेवलं. भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, आणि गॅरेजवाल्याच्या ओळखीच्या एका कारखान्याच्या आवारात दोनशे मीटरचा सरळ काँक्रीट रस्ता होता. एका बाजूला झाडांची रांग, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेड. बघायला काही नाही. पण चार सेकंदांत त्या शेडचेही निळे-करडे पट्टे होतात, म्हणून अशा कामाला सुंदर जागा लागतच नाही. माझ्या मते तर सुंदर जागा इथे वाया जाते.

साडेसहाला सगळं बांधून झालं होतं. पाइपाच्या टोकाला लोखंडी पट्टी, पट्टीतून बोल्ट, बोल्टावर बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवायचा सांधा, त्यावर कॅमेरा. मी रिमोट तपासत होतो. काका पुढे आले, कॅमेऱ्याला हात न लावता दोन बोटांनी बॉलहेड हलवलं आणि मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं.

“हा बोल्ट कुणी लावला?”

“मी.”

“किती वेढे गेला?”

“तीनेक. मग घट्ट झाला.”

“घट्ट नाही झाला. अडकला. हा सहाचा आहे रे!”

माझ्या बॉलहेडच्या भोकाचे आटे पाव इंची होते, इंचात वीस. सहा मिलिमीटरचा बोल्ट त्यापेक्षा किंचित बारीक, पण त्याचे आटे इंचात पंचवीसच्या वर. तो पाव इंचीच्या भोकात खुळखुळत दोन-तीन वेढे जातो, मग आट्यांत आटा फसतो आणि पान्याला जोर लागतो. हाताला वाटतं बसला. कॅरिअरच्या आकड्यांचे सहाचे बोल्ट आणि माझे पाव इंची बोल्ट मी एकाच पिशवीत टाकले होते, आणि पहाटेच्या अंधारात चुकीचा हाताला लागला होता. काकांनी पाना घेतला, कॅमेरा माझ्या हातात दिला, बोल्ट उलटा फिरवला आणि तळहातावर धरला. शेवटचे आटे चकचकीत घासले होते. लेन्स आणि कॅमेरा मिळून माझ्या दोन लग्नांच्या हंगामांची कमाई होती. सुरक्षेसाठी बांधलेली नायलॉनची दोरी आता बघितली तर चांगली दोन फूट ढिली होती.

योग्य बोल्ट पिशवीत नव्हताच. तो घरी टेबलावर राहिला होता. काकांनी डिकीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांच्या नोकरीच्या दिवसांतले नट-बोल्ट, सगळे मापाप्रमाणे कागदात गुंडाळलेले. “व्हिटवर्थ चालेल, जुन्या ब्रिटिश मापाचा. आट्याचा कोन जरा वेगळा, पण वीसच्या वीस.” बोल्ट थोडा लांब निघाला, खाली चार वॉशर घातले. या वेळी तो अगदी शेवटपर्यंत हाताने गेला, पाना फक्त शेवटच्या पाव वेढ्याला लागला. दोरीही काकांनीच आखडून बांधली. मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच.

मग मात्र काम भराभर झालं. सूर्य अजून शेडच्या वर आला नव्हता, त्यामुळे पाइपाची सावली बॉनेटवर नव्हती. आयएसओ १००, एफ ११, उजेड कमी करणारा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, वर चमक मारणारा पोलरायझर, चार सेकंद. कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बंद, नाहीतर ते स्वतःच्या अकलेने हलतं. स्टिअरिंगवर अर्थात काकाच. इंजिन बंद असताना नव्या गाडीचे ब्रेक दगड होतात. पद्मिनीच्या ब्रेकला सर्व्हो, म्हणजे इंजिनच्या जोरावर चालणारी मदत, नसल्यामुळे तिला काही फरक पडत नव्हता. ढकलणाऱ्या पोरांना ‘हं’ म्हणायचं, पहिला धक्का बसून टोकाचा झोका विरेपर्यंत थांबायचं, मग रिमोट. काँक्रीटच्या सांध्यांवर फ्रेम हमखास जायची. टायरमधली हवा थोडी कमी केल्यावर बरंच सुधारलं. पोरांनी गाडी चाळीसहून जास्त वेळा मागे नेली, पुढे आणली. मी वडापाव कबूल केले होते, प्रत्यक्षात मिसळ द्यावी लागली. सरळ वापरता येतील अशा फ्रेम सहा निघाल्या.

शेवटी रिग उतरवून त्याच जागी, त्याच उंचीवर ट्रायपॉड लावून रिकाम्या गाडीचे फोटो घेतले, पाइपामागे झाकलेलं टप, आभाळ आणि बॉनेटमधलं प्रतिबिंब तिथून उचलता यावं म्हणून. पाइप पुसायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यातली एक नुसती बॉनेटवरच्या प्रतिबिंबाला, कारण पाइप तिथे वाकडा होऊन पसरलेला होता.

फोटो काकांच्या मुलाला पाठवले. त्याचा दहा मिनिटांत फोन. गाडी फारच सुंदर आलीय म्हणाला, पण एक शंका विचारली, “बाबा असे आभाळात काय बघतायत?”

मी सहाही फ्रेम पुन्हा उघडल्या. पोलरायझरने काचेवरची चमक घालवल्यामुळे काका आत स्वच्छ दिसत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि सहाच्या सहा फ्रेममध्ये त्यांची नजर रस्त्यावर नव्हती, वर होती. पाइपाच्या टोकाकडे, त्या बोल्टकडे. पाइप तर मी पुसून टाकला होता.