न झालेल्या लढतींचे निकाल

मुहम्मद अली आणि माइक टायसन हे दोन काळांतले हेवीवेट विजेते ऐन भरात समोरासमोर आले असते, तर? बॉक्सिंगचा नाद असलेली दोन माणसं भेटली की हा विषय निघतो आणि चहा निवतो. मी जन्मात कधी ग्लोव्ह घातलेला नाही. पण न झालेल्या लढतींचे निकाल द्यायचे म्हटलं, की माझ्याइतका कडक पंच शोधून सापडणार नाही.

अमेरिकेत हा वाद एकदा चक्क कॉम्प्युटरपुढे गेला. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनर या निर्मात्याने जुन्या-नव्या विजेत्यांची माहिती यंत्रात घातली आणि निघालेल्या निकालांवर रेडिओसाठी लढती रचल्या, धावत्या समालोचनासकट. त्यात अली हरला, तोही जिम जेफ्रीझकडून! हा १८९९ ते १९०५ मधला विजेता. पदावर असताना त्याने कृष्णवर्णीय आव्हानवीरांना दारात उभं केलं नाही आणि १९१० मध्ये रिनोला जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय विजेत्याचा बेदम मार खाल्ला. कल्पनेतल्या या पराभवाबद्दल अलीने खराखुरा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला.

तडजोडीतून सिनेमा निघाला. १९६९ मध्ये सैन्यभरतीला नकार दिल्याने बंदी भोगणारा २७ वर्षांचा अली आणि पंचेचाळिशीतला माजी हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो रिंगमध्ये उतरले. कारकिर्दीत ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झालेल्या मार्सियानोने त्यासाठी वीसेक किलो वजन उतरवलं आणि डोक्यावर विग चढवला. शेवट वेगवेगळे चित्रित झाले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत मार्सियानोने तेराव्या राउंडमध्ये अलीला आडवा केला. तोवर मार्सियानो स्वतः विमान अपघातात गेला होता. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला. कॉम्प्युटर वर्णद्वेषासाठी कुप्रसिद्ध अलाबामात बनलेला असणार, असं अली म्हणाला म्हणे. दोन्हीकडचा गल्ला खूश!

पण यंत्राला तरी का हसा? एकाच काळातल्या तिघांचा हिशेब जिथे जुळत नाही, तिथे काळ ओलांडून काय जुळणार? १९७१ मध्ये जो फ्रेझियरने अलीला हरवलं. १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. आणि १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या राउंडमध्ये झोपवलं. आता लावा क्रम! फ्रेझियर वाकून, झुलत पुढे घुसायचा आणि नेमका फोरमनच्या अपरकटवर, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशावर यायचा. अलीला तेच घुसणं जड जायचं.

शिवाय वजन. मार्सियानो साधारण १८५ पौंडांचा. आज २०० पौंडांच्या आतला माणूस क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात मोडतो, म्हणजे सहा फूट नऊ इंचांच्या हेवीवेट टायसन फ्युरीसमोर त्याला सहसा उभं करणार नाहीत. पण त्या फ्युरीला तरी सांगा की लढत आजच्यासारखी बारा नाही, जुन्या काळासारखी पंधरा राउंडची आहे. शेवटच्या तीन राउंडमध्ये मार्सियानोसारखा न दमणारा माणूस काय करेल, याची मला खरंच उत्सुकता आहे.

अली-टायसन मात्र मला आता शिळं वाटतं. मला बघायचेत जुन्या काळचा विजेता जो लुईस आणि अलीनंतरचा विजेता लॅरी होम्स, कारण दोघांचंही घर जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशावर उभं आहे. लुईस जॅब मारून डावा हात खाली सोडायचा. १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने तिथेच उजव्या हाताने त्याला गाठलं होतं. होम्सलाही उजवा ठोसा लागायचा. १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सने त्याला असा पाडला की संपलंच वाटावं, पण तो उठला आणि जिंकला. लुईस शेव्हर्सपेक्षा कितीतरी नेमका आणि पडत्या माणसाला उसंत न देणारा. तरीही होम्सचे हात लांब आणि पाय हलते. सातव्या-आठव्या राउंडमध्ये होम्स एकदा खाली बसणार, हे मी मान्य करतो. पण पंधराव्याअखेर गुणांवर होम्स, थोडक्यात. लुईसवाल्यांनी खुशाल भांडायला यावं.