दहा पाटांचे एकोणीस पानी पुस्तक

पन्हाळ्याच्या वाटेवर माझ्या एका शिल्पकार मित्राचा माळ आहे. शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतून घेतलेले दहा लोखंडी पाट त्याने तिथे एका ओळीत बसवले आहेत. प्रत्येक पाट १ मीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर जाड असून त्याचे वजन सुमारे ३६० किलो भरते. पहिला जमिनीवर सपाट टेकलेला, दुसरा १० अंशांनी उचललेला, तिसरा २० अंशांनी, आणि असे करत करत दहावा ९० अंशांत ताठ उभा. एका पाटाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत ६ मीटर. शिल्प एवढेच आहे, आणि त्याचे छायाचित्र-पुस्तक करायला मला दोन वर्षे लागली.

पहिल्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी जात असे. गंजाचा तांबूस रंग, गवतावर पसरलेल्या लांब सावल्या, मागे जोतिबाचा डोंगर. छायाचित्रे देखणी आली, पण त्यांत संध्याकाळ दिसत होती, पाट दिसत नव्हते. अमेरिकन शिल्पकार डोनाल्ड जड यांनी टेक्सासमधल्या मार्फा येथे १९८० ते १९८४ या काळात केलेल्या, काँक्रीटच्या खोक्यांच्या १५ शिल्परचना मला आठवल्या. तिथल्या प्रत्येक खोक्याचे बाहेरचे माप २.५ × २.५ × ५ मीटर असे एकच आहे. कोणती बाजू उघडी आणि खोकी कशी मांडली, एवढेच बदलते, आणि बाकी सारे स्थिर असल्यामुळेच तो बदल डोळ्यांत भरतो. कॅमेऱ्यानेही तसेच वागायला हवे होते. मी ती सगळी छायाचित्रे बाजूला ठेवली.

मग ओळीला समांतर, ७ मीटर अंतरावर फक्कीने रेघ मारली, तिच्यावर दर ३ मीटरला खूण केली, आणि गवंड्याकडून पाणसळ आणून प्रत्येक खुणेवर लेन्सची उंची सारखी करून घेतली. दोन पाटांमधली मोकळी जमीनही शिल्पाचाच भाग आहे, असे माझे ठाम मत असल्यामुळे दहा पाटांच्या जोडीला नऊ मोकळ्या जागाही टिपायच्या होत्या.

प्रश्न उजेडाचा होता. कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या क्षणी दहाव्या पाटाची सावली नाहीशी होते, आणि ६० अंशांतल्या सातव्या पाटाखाली ती अर्धा मीटर भरते; म्हणजे पाटाचा कोन सावलीतच मोजून मिळतो. मात्र सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकत असल्याने एकोणीस छायाचित्रे पंधरा मिनिटांत उरकावी लागतात. एप्रिलभर मी रिकाम्या कॅमेऱ्याने तिवई उचलून पळण्याचा सराव केला. पहिल्या वर्षी नेमके वळवाचे ढग आले. ऑगस्टमध्ये सूर्य पुन्हा डोक्यावर येतो खरा, पण आपल्याकडे तेव्हा आभाळच दिसत नाही. म्हणून वर्षभर थांबलो, आणि पुढच्या मे महिन्यात साधले.

पुस्तकाचा घाट ठरवणे त्या मानाने सोपे गेले. अमेरिकन चित्रकार एड रुशे यांनी १९६६ साली लॉस एंजलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरची प्रत्येक इमारत सुमारे २५ फुटांच्या, घड्यांच्या एका पट्टीत छापली होती. एका रेषेत उभ्या असलेल्या गोष्टीला हाच घाट शोभतो. माझी पट्टी २० सेंटिमीटर रुंदीच्या एकोणीस पानांची, उलगडली की ३.८ मीटरची झाली. बाजूने पाहिलेला पाट तिच्यावर जेमतेम सव्वातीन मिलिमीटर जाडीची तिरपी रेघ होऊन उतरतो. चार रंगांत छापलेल्या नमुन्यात करड्या छटांवर निळसर झाक आली, म्हणून काळी आणि राखाडी अशा दोनच शाया घेतल्या.

खरा फटका घडीला बसला. २३ × ३६ इंची कागदातून मी लांबीच्या बाजूने चार-चार पानांच्या पट्ट्या काढल्या होत्या. बांधणी करणाऱ्या वयस्कर कारागिरांनी पहिलीच पट्टी दुमडली आणि घडीवर काळी शाई फुटून आतला पांढरा कागद केसासारखा दिसू लागला. "दादा, घडी तंतूंच्या दिशेने पडली पाहिजे. हा कागद लांबीला उभ्या तंतूचा आहे, आडवा मोडला की फुटणारच," असे म्हणून त्यांनी कोऱ्या कागदाचा एक तुकडा दोन्ही दिशांनी फाडून दाखवला. एकीकडे तो सरळ फाटला, दुसरीकडे वेडावाकडा. छापलेले सारे वाया गेले. तोच कागद रुंदीच्या बाजूने कापला तर एका तुकड्यात दोनच पाने बसत होती, त्यामुळे पाच तुकड्यांऐवजी दहा तुकडे आणि चाराऐवजी नऊ जोड आले. प्रत्येक जोड त्यांनी खळीने चिकटवून घडीत लपवला. आज बोट फिरवले तरी तो लागत नाही.

पहिली प्रत मित्राला दिली, तेव्हा त्याने ती उलट बाजूने उघडली आणि ताठ पाटापासून सपाट पाटाकडे शांतपणे पाहत गेला. त्याच्या लेखी ओळीला सुरुवात आणि शेवट नव्हताच. उरलेल्या प्रतींच्या दोन्ही पुठ्ठ्यांवर मी केवळ करडे कापड ठेवले आणि नाव बाहेरून गुंडाळलेल्या कागदी पट्ट्यावर छापले.