खड्यामागचा मळ

आज इंदूरच्या सराफ्यात दोनदा जाऊन आले. तेव्हापासून काही सुचत नाहीये. झालं म्हणावं तर काहीच नाही, आईच्या अंगठीतला हिरा काढला, बस्स. काढायचाच होता, कोंदणाची एक कड उचलली होती आणि खडा हलत होता, शिवाय वेढं तळहाताकडून झिजून इतकं पातळ झालंय की माझ्या बोटासाठी वाढवायला गेलं तर तुटलंच असतं. दादाला फोनवर सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "मोडतेयस?" मी म्हटलं, मोडत नाहीये रे, नवी घडवतेय. मग तो गप्प. जाऊ दे.

कारागिराने भिंग लावून कड उचकली, खडा चिमट्यात आला आणि त्याच्या मागे, बंद कोंदणात, मळ. करडा, पिवळट, वाळून टणक झालेला. सुईने खरवडून त्याने तो पांढऱ्या कागदावर काढला, जेमतेम तिळाएवढा ढीग. मी बघितलं आणि मला कळलं काय आहे ते. कणीक. चाळीस वर्षांची कणीक, हळद, तेल, भांड्यांचा साबण. आई अंगठी कधी काढायचीच नाही, पोळ्या झाल्या की ओट्याशी उभी राहून काडीने कडा कोरायची, आणि तिला वाटायचं निघालं सगळं. कारागीर म्हणाला, "हीरा चिकनाई बहुत पकड़ता है दीदी." खरंच आहे, दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत पूर्वी चरबी लावलेल्या पाटावरून खडी आणि पाणी सोडायचे, बाकी सगळं वाहून जायचं आणि हिरे तेवढे चिकटून राहायचे.

मग त्याने कागद उचलला आणि विचारलं, "ये तो फेंकना है ना?" मी म्हटलं, "हाँ, हाँ."

दोनदा हाँ म्हटलं. कशाला इतकी घाई केली मी? त्याने विचारलं होतं, म्हणजे नाही म्हणायला जागा होती. खडा त्याने काट्यावर ठेवला, 42 सेंट भरला, म्हणजे 84 मिलीग्रॅम, सोन्याचंही वजन माझ्यासमोर करून चिठ्ठीवर लिहून दिलं. मळाचं वजन कोण करणार. पण आईचा हात लागलेलं खरं म्हणजे तेच होतं, हिऱ्याला तर मागून तिचं बोटसुद्धा लागलं नसेल. दवाखान्यात साबण लावून ती अंगठी मीच... नको, ते आज नको.

तो म्हणत होता सूरतला पाठवून नवे पैलू पाडून घ्या, जुना कट आहे, चमक दुप्पट होईल, पण वजन जाईल. मी नाही म्हटलं. तिथे बरं पटकन नाही म्हणता आलं. आपल्या होळकरांच्या त्या दोन हिऱ्यांचं आठवलं, तुकोजीरावांनी पॅरिसहून घेतले तेव्हा दोन्ही 46 कॅरटच्या वर होते, 1946 साली अमेरिकेत हॅरी विन्स्टन नावाच्या जवाहिऱ्याकडे गेले, त्याने नव्याने घडवले आणि दोन्ही 44 वर आले. मधले दोन-दोन कॅरट भुकटी होऊन गेले असणार कुठेतरी.

दुपारभर हेच डोक्यात. कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले. पुडीत बांधून आणलं असतं तर ठेवलं कुठे असतं, देवात? मुलांनी विचारलं असतं हे काय, तर काय सांगितलं असतं? तरी आणायला हवं होतं.

संध्याकाळी राहवेना, परत गेले. दुकानं आवरत होती, खाली ओट्यांवर भुट्ट्याच्या किसाच्या कढया लागायला लागल्या होत्या. कारागिराला विचारलं, सकाळचं ते फेकलं का? तो म्हणाला, "सराफे में कोई कुछ नहीं फेंकता दीदी," आणि खालचा खण ओढला. कानशीची भुकटी, केस, धूळ, मेणाचे तुकडे, सगळं एकत्र. हे सगळं न्यारिया घेऊन जातो, धुतो, गाळतो, त्यातून सोनं काढतो. आजोबा झारेकरी म्हणायचे त्या लोकांना. मी वाकून बघत राहिले, त्यातलं आईचं कुठलं ते काही कळेना. पण बरं वाटलं. का ते नीट सांगता येणार नाही. किती अंगठ्यांचं, किती घरांतल्या कणकेचं असेल त्यात, आईचं एकटं नाही पडलं एवढं मात्र वाटलं.

मग त्याने कॉम्प्युटरवर नवी अंगठी फिरवून दाखवली. बुटकी, नख्या नाहीत, खड्याभोवती सोन्याची कड. आईचंच सोनं गाळून 18 कॅरटचं करणार आहे, 22 चं खड्याला मऊ पडतं म्हणाला. आधी मेणाची करेल, ती घालून बघायची आणि मग ओतणार. शेवटी विचारलं, मागून उघडी ठेवायची ना, आजकाल सगळे तशीच करतात, उजेड येतो, धुवायला सोपं.

मी म्हटलं, बंद ठेवा.

"मैल जमेगा दीदी."

जमू दे म्हटलं. मेणाची बघायला गुरुवारी बोलावलंय.