मॉडेलमध्ये सगळं दिसतं, मग साइटवर तोडफोड का?

लग्नाच्या पंगतीत, ट्रेनिंगच्या शेवटी, लिफ्टमध्ये, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना, मला हा प्रश्न विचारला गेलाय. "तुम्ही ते बीआयएम करता ना? अख्खी इमारत आधी कॉम्प्युटरवर बांधून बघता, पाइप बीमला कुठे धडकतो ते आधीच कळतं म्हणे. मग साइटवर तोडफोड होतेच कशी?" आता पार्ल्याच्या मामीच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालंय. बिल्डरच्या प्रेझेंटेशनमध्ये बीआयएमची एक रंगीत स्लाइड होती, आणि कमिटीतल्या तिघांनी मिळून रविवारी दुपारी फोनवर हेच विचारलं. तेव्हा एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

सॉफ्टवेअर चूक शोधत नाही. तुम्ही काढलेली एक वस्तू तुम्हीच काढलेल्या दुसऱ्या वस्तूशी ते ताडून बघतं, बस. जे काढलंच नाही त्याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. एवढं सांगितलं की लोक समजल्यासारखी मान हलवतात आणि म्हणतात, "ते ठीक, पण नेहमीच्या चुका कुठल्या, त्या टाळायच्या कशा, ते सांगा."

म्हणजे यादी हवी. यादी माझ्याकडे होती. नवीन मुलं आली की मी ती घडाघडा म्हणून दाखवायचे. ऑटोकॅडची फाइल इम्पोर्ट करू नका, लिंक करा. प्रोजेक्टच्या मध्यात व्हर्जन बदलू नका, कारण रिव्हिटची, म्हणजे आम्ही ज्यात मॉडेल काढतो त्या सॉफ्टवेअरची, फाइल एकदा वरच्या व्हर्जनमध्ये सेव्ह झाली की खालच्यात उघडत नाही. सगळ्यांच्या सामाईक सेंट्रल फाइलवर थेट बसू नका, आपली लोकल कॉपी करा आणि वेळच्या वेळी सिंक करा. एकदाच लागणाऱ्या वस्तूसाठी असलेली इन-प्लेस फॅमिली करून ती मजल्यामजल्यावर कॉपी मारत सुटू नका. यातलं काहीही खोटं नाही, आजही सांगते. पण या चुकांनी फाइल बिघडते, मुलांची रात्र जाते. इमारत बिघडते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. तेव्हाच्या मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी टेम्प्लेट नीट वापरायला शिक म्हटलं असतं.

त्या यादीतली लेव्हलची गोष्ट मात्र मी सोडणार नाही, कारण ती खास आपल्या मुंबईची आहे. महापालिकेच्या लेव्हल टाउन हॉल डेटम, म्हणजे टीएचडी, या संदर्भपातळीवरून मोजलेल्या असतात. टाउन हॉल म्हणजे फोर्टातली १८३३ सालची इमारत, आता जिथे एशियाटिक आहे ती. समुद्रसपाटीपासून मोजलेल्या लेव्हलपेक्षा हा आकडा चोवीसेक मीटरने मोठा येतो. त्यात सखल प्लॉट किती भरायचा याची जुनी अट "९२ टीएचडी किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर, यातलं जे जास्त असेल ते" अशी. हे ९२ फुटांत आहेत. मीटरमध्ये २८.०४. एका मुलाने मीटरच्या फाइलमध्ये सरळ ९२ टाकले आणि इमारत ढगात गेली. ही चूक बरी, डोळ्यात भरते, पाच मिनिटांत हशा होऊन सुटते. वाईट चूक वीत-दीड वितीची असते. सर्व्हे झाला, मग समोरच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं, रस्ता वर आला, आणि मॉडेलमध्ये रॅम्पचं तोंड जुन्याच लेव्हलला राहिलं. याचा क्लॅश, म्हणजे दोन वस्तूंची धडक, रिपोर्टमध्ये येत नाही. जूनमध्ये येतो.

आता ती परळची साइट. जुन्या गिरणीच्या जागेवरचा टॉवर, खाली तळघरं. नावं सांगणार नाही, विचारूही नका. मी कोऑर्डिनेशन बघत होते. स्ट्रक्चरचं मॉडेल एकाकडून यायचं, प्लंबिंग, फायर आणि एसीचं दुसऱ्याकडून, आणि मुख्य कंत्राटदाराची टीम ती एकत्र करून नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅश तपासायची. कंत्राटात एक ओळ होती: शून्य क्लॅशचा रिपोर्ट दिल्याशिवाय त्या टप्प्याचं बिल पास होणार नाही. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या मते त्या ओळीत आहे, पाइपात नाही.

तळघराच्या छताखालून ड्रेनेजची एक लाइन जात होती, दीडशे मिलिमीटरची, बत्तीस मीटर लांब. ड्रेनेजला ढाळ लागतो. शंभरास एक धरला तरी बत्तीस मीटरला ३२० मिलिमीटर. रिव्हिटमध्ये पाइपला ढाळ देता येतो, पण ढाळ दिला की फिटिंग बसत नाहीत, जोडलेल्या लाइनी तुटतात, वॉर्निंगवर वॉर्निंग येते. मुलं रात्री उशिरापर्यंत तेच निस्तरत होती. शेवटी मीटिंगमध्ये ठरलं की या टप्प्याला लाइन सपाट ठेवायची, ढाळ पुढच्या टप्प्यात. मिनिट्समध्ये तसं लिहिलेलं आहे. उपस्थितांत माझं नाव आहे. त्याचा खुलासा मी आजवर कुणाला दिलेला नाही, इथेही देणार नाही.

तरी शून्य काही येईना. मग टॉलरन्स वाढायला लागला. पंचवीसचा पन्नास झाला, पन्नासचा पंच्याहत्तर. म्हणजे पाइप बीममध्ये ७५ मिलिमीटरपर्यंत घुसला असेल तर तो धरायचाच नाही. त्यातूनही जे उरले त्यांच्यावर 'अप्रूव्ह्ड' मारलं, म्हणजे बघितलंय, चालेल. हे कंत्राटदाराच्या टीमने केलं. मी मेल टाकला होता, सगळ्यांना सीसीत ठेवून. तो अजून माझ्याकडे आहे आणि लोक सांगतात तितका खोचक नाहीये. मेलला उत्तर आलं नाही, रिपोर्टवर शून्य आलं, बिल पास झालं. पुढचा टप्पा आला तेव्हा ढाळ घालायला ना माणसं होती, ना त्याचे पैसे कुणी धरले होते.

साइटवर प्लंबरने लेव्हल लावली. त्याला रिव्हिट माहीत नव्हतं, ढाळ माहीत होता. ड्रॉइंगप्रमाणे एका टोकाला पाइपचं बूड २.६५ मीटरवर धरलं की दुसऱ्या टोकाला २.३३ येत होतं, आणि ड्राइव्हवेवर २.४ मोकळे हवे होते. खालून स्प्रिंकलरची मेन लाइन. खाली जायला वाव नाही म्हटल्यावर वर जायचं ठरलं, थेट बीममधून. कुणी ठरवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कास्टिंगच्या वेळी स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी भोक राखणारी नळी, टाकलेला नव्हता, कारण मॉडेलमध्ये पाइप बीमच्या खालून जात होता. मग काँक्रीटला गोल भोक पाडणारा कोअर कटिंगवाला बोलावला. त्याआधी स्कॅन करायचा असतो. केला नव्हता. बीम पोस्ट-टेन्शनचा होता, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबलींच्या जोरावर उभा, आणि त्याच्या केबल कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हत्या. त्या होत्या केबलच्या स्पेशालिस्टच्या टू-डी शॉप ड्रॉइंगमध्ये.

मला सकाळी फोन आला. मी पोचले तेव्हा साइट ऑफिसच्या टेबलावर, चहाच्या ग्लासांशेजारी, तो तुकडा ठेवलेला होता. दोनशे मिलिमीटरचा काँक्रीटचा दंडगोल, अजून ओला. त्याच्या गोल अंगावर एका बाजूला पन्हळी पत्र्याच्या डक्टची कडा, आत ग्राउट, म्हणजे घट्ट झालेलं सिमेंट, आणि ग्राउटमध्ये सात-सात तारांचे पुंजके, कापलेली टोकं नव्या नाण्यासारखी चकचकीत. केबलच्या डक्टमध्ये ग्राउट भरलेलं होतं म्हणून तार उसळली नाही. कुणाला लागलं नाही. बीमखाली रातोरात प्रॉप ठोकले होते. स्ट्रक्चरल कन्सल्टंट आले, तुकड्याला हात न लावता नुसता बघितला आणि विचारलं, "कुठला बीम?" त्यानंतर खोलीतला आवाज वाढत गेला. प्रत्येकाच्या हातात शून्य क्लॅशच्या रिपोर्टची प्रिंट होती, आणि प्रत्येकजण ती आपल्या बाजूचा पुरावा म्हणून दाखवत होता. प्लंबिंगच्या सुपरवायझरने माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, आपके मॉडेल में पानी सीधा चलता है क्या?" कुणी हसलं नाही. मला हसू आलं, आणि ते त्या खोलीतल्या काहींनी अजून माफ केलेलं नाही.

तर सॉफ्टवेअरने का नाही पकडलं? कारण पकडण्यासारखं त्याला काही दिलंच नव्हतं. सपाट पाइप कशालाच धडकत नव्हता. केबल फाइलमध्ये नव्हती. आकडा शून्य मागितला होता, तो मिळाला. सॉफ्टवेअरने त्याचं काम चोख केलं, आणि हे मी कुत्सितपणे म्हणत नाहीये.

यावर तुम्ही म्हणाल, मग सगळंच काढा ना. मीही तेच म्हणायचे. त्यानंतरच्या प्रोजेक्टवर मी हट्टाने सगळं काढायला लावलं: हँगर, इन्सुलेशन, व्हॉल्व्हचं हँडल फिरवायला लागणारी जागा, पॅनेलचं दार उघडायला लागणारी जागा. फाइल इतकी जड झाली की सिंकला टाकलं की लोक खाली जाऊन वडापाव खाऊन यायचे. हळूहळू ती उघडणंच बंद झालं. साइटवर व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर काम चाललं, त्यातली जुनी कुठली, नवी कुठली हे पाठवणाऱ्यालाही सांगता येईना. आयएसओ १९६५० हे मानक २०१८ साली आलं. फाइलवर तिची अवस्था लिहा, काम चालू आहे, इतरांना दिलेली आहे की बांधकामाला जारी केलेली आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. व्हॉट्सअॅपला ते मानक कुणी वाचून दाखवलेलं नाही. आणि महापालिकेच्या मंजुरीचा टू-डी ड्रॉइंगचा संच तर वेगळाच असतो. मॉडेल पुढे सरकतं, तो आहे तिथे राहतो.

म्हणून हल्ली मी मॉडेलबरोबर एक कागद मागते: यात काय काढलेलं नाही. पोस्ट-टेन्शनच्या केबल नाहीत, हँगर नाहीत, ढाळ फक्त तळघरात आहे, असं सरळ, सहीनिशी. मला तो उपाय वाटतो. पण जुनी मी मधूनच डोकं वर काढते आणि म्हणते, बाई, हा तुझा सीसीतला मेलच आहे, फक्त याला लेटरहेड आहे. कोअर कटिंगवाला रात्री तो कागद वाचणार आहे का? याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी मी कागद मागते.

कमिटीसाठी एवढंच: बिल्डरला शून्य क्लॅशचा रिपोर्ट मागू नका, तो लगेच मिळेल. टॉलरन्स किती धरलाय ते विचारा. 'अप्रूव्ह्ड' किती आणि ते कुणी केले ते विचारा. तळघरातल्या ड्रेनेजचा एक सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं ड्रॉइंग, मागा आणि दोन्ही टोकांच्या लेव्हल बघा, दोन्हीकडे एकच आकडा असेल तर उठून या. लेव्हल टीएचडीत आहेत की समुद्रसपाटीवरून, आणि सर्व्हे रस्त्याच्या कामाआधीचा की नंतरचा, हेही. त्यापलीकडे जाऊन सुरक्षित इमारतीची खात्री मी देऊ शकत नाही, आणि जो स्लाइड दाखवून देतो त्याच्याकडे जरा संशयाने बघा.

माझ्या आत्ताच्या प्रोजेक्टवर मी ढाळ पहिल्या दिवसापासून घालायला लावलाय. मुलं वैतागलीत, आणि त्यांचं चूक नाही, लाइन तुटली की ती त्यांनाच जोडावी लागते. परवाच्या मीटिंगमध्ये वेळ कमी आहे म्हणून पोडियमच्या लाइनी सपाट ठेवायची सूचना आली. मी भांडले. निर्णय शुक्रवारवर गेलाय. बाहेर पडताना क्लायंटच्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं, रिपोर्टवरचा आकडा दोन अंकी कधी होणार? मी म्हटलं, ढाळ घातल्यावर आधी वाढेल.